मागील पानावरून

तिसऱ्यांदा बेरीज केली तरी शंभर तास कमीच आले.

जेवणाच्या टेबलावर चारही लॉगबुकं उघडी पडली होती. मे महिन्यातली दुपार, खिडकीच्या पडद्याला सुद्धा हलायचा कंटाळा आला होता. आमची लेक मधुरा आतल्या खोलीत पंख्याखाली पालथी पडून वाचत होती. मी कॅलक्युलेटर बाजूला सारला आणि पाठकोऱ्या कागदावर हातानं बेरीज मांडली, कारण यंत्रापेक्षा माझा माझ्या हातावर भरवसा जास्त. हातानंही तेच उत्तर काढलं. मग एकेक पान मागं जात गेले आणि शेवटी चुकीचं पान सापडलं. चूक माझ्या हाताचीच होती.

वैमानिकाचं लॉगबुक म्हणजे त्याच्या नोकरीची पोथी. कुठल्या तारखेला, कुठून कुठं, कुठलं विमान, कॅप्टन म्हणून की को-पायलट म्हणून, किती तास, किती मिनिटं. पान भरलं की खाली एकूण बेरीज करायची आणि तीच पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' म्हणून मांडायची. वही इंग्रजीत असते, पण मी मनातल्या मनात हे मराठीतच म्हणायचे. आमच्या यांचं अक्षर असं, की स्वतः लिहिलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. त्यामुळं लग्नानंतर वर्षभरातच वही माझ्याकडं आली. रोज रात्री ते विमानातल्या चिटोऱ्या काढून द्यायचे, मी लिहायचे, पान भरलं की ते सही करायचे. माझं शिक्षण बारावी. पण डाव्या हाताच्या बोटांवर तास-मिनिटांची बेरीज करायला मी त्या वहीवर शिकले, आणि हवामानाचे ते तुटक निरोप वाचायलाही. हुबळीला ढग किती फुटांवर आहेत हे मला भाजीच्या भावाआधी कळायचं.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं ते पान. तळाला एकूण अठराशे चौऱ्याण्णव तास पस्तीस मिनिटं. आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर, माझ्या वळणदार अक्षरात, एकोणीसशे चौऱ्याण्णव. कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा ठसा. त्या दिवशी मी लोणचं घालत होते.

त्या ठशापासून पुढं चार वर्षं ते शंभर तास पानापानांतून पुढं सरकत आले होते. वहीच्या शेवटच्या पानावर तीन हजार एक्केचाळीस तास दिसत होते. खरे होते दोन हजार नऊशे एक्केचाळीस.

आणि ज्या एअरलाइननं परवाच्या मुलाखतीला बोलावलं होतं, तिची अट होती तीन हजार तास आणि वय बेचाळीसच्या आत. यांना बेचाळीस पूर्ण व्हायला अठ्ठावीस दिवस राहिले होते. एकोणसाठ तास कमी. बापूसाहेबांच्या विमानावर एकोणसाठ तास भरायला अडीच महिने लागायचे.

बापूसाहेब अकिवाटे म्हणजे यांचे मालक. फाउंड्रीचे कारखाने, सूतगिरणी, आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एक हँगर, त्यात दोन पंख्यांचं, आठ माणसांचं विमान. अकरा वर्षं हे त्या विमानाचे कॅप्टन. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हेरवाडेंची, स्वतःचं विमान असल्यासारखं. मजा होतीच. दाराजवळ भरलेली बॅग अकरा वर्षं हलली नाही, ही त्यातली पहिली मजा. फोन वाजला की पानावरून उठायचं ही दुसरी. माझ्या भावाच्या लग्नात यांनी अक्षता टाकल्या त्या एका हातानं, दुसऱ्या हातात फोन होता. कॉर्पोरेटमध्ये, म्हणजे मालकाच्या खाजगी विमानावर, तासभराचं उड्डाण असतं आणि नऊ तासांचं थांबणं. नांदेडला थांबा, रायपूरला थांबा, मालकाची मीटिंग कधी संपेल ते मालकालाच ठाऊक नाही. उडण्याला वहीत रकाना आहे, थांबण्याला नाही. मी मात्र ते सगळे तास मोजलेले आहेत, घरी बसून.

आणि एअरलाइन? अंधेरीला यांच्या एका बॅचमेटच्या घरी आम्ही जेवायला गेलो होतो. त्यांच्या फ्रिजवर चुंबकानं एक कागद लावलेला. पुढच्या महिन्याचं रोस्टर. पहिल्या तारखेपासून एकतीसपर्यंत, कुठल्या दिवशी कुठं, कुठल्या दिवशी घरी. त्या बाईंनी चक्क पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला सत्यनारायण धरला होता. मी त्या कागदापुढं देवापुढं उभं राहावं तशी उभी राहिले होते. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, मला दागिना नको, साडी नको, असा एक कागद पाहिजे. त्यावर हे म्हणाले, बघतो. दोन महिन्यांनी जाहिरात आली, अर्ज मीच भरला, तासांचा आकडा मीच लिहिला.

यांचा फोन संध्याकाळी आला, नागपूरहून. त्यांच्या आवाजात घाई होती. म्हणाले, बापूसाहेबांना उद्याच मुंबईला जायचंय, नऊला कोल्हापुरात उतरतो, तेल भरून अकराला परत निघायचं. मुलाखतवाल्यांना विचारलं तर तेही म्हणाले, परवाच्या ऐवजी उद्या तीनला या. तर राखाडी सूट आणि लॉगबुकं विमानतळावर आणून दे.

बापूसाहेबांना सांगितलंत का, मी विचारलं.

"नाही. मुंबईत सांगेन. तू बेरीज वगैरे बघितलीस ना?"

"बघितली," मी म्हटलं. हे काही खोटं नव्हतं.

फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे सांगायचं की नाही, हेच ठरलं नव्हतं. मुलाखत घेणारे शेवटचा आकडा बघतात. अकरा वर्षांची पानं कोण बेरीज करत बसणार? वही मी लिहिली होती, चूक मीच केली होती, आणि ती माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. गप्प बसायचं एवढंच काम होतं. बायकांना ते काम काही नवीन नाही. रात्री मधुरा झोपताना विचारून गेली, पप्पा तिकडं लागले की माझ्या वाढदिवसाला नक्की असणार ना? रोस्टरमध्ये मागून घेता येतं, मी म्हटलं.

सकाळी सूट खांद्यावर आणि लॉगबुकं पिशवीत घेऊन मी मारुती काढली.

हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. नऊला पाच मिनिटं असताना पूर्वेकडून विमान आलं, धावपट्टीच्या पहिल्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाकं टेकली आणि अलगद वळून समोर येऊन उभं राहिलं. यांचं उतरणं मी ओळखते. टायर किंचाळत नाहीत. दार उघडलं, पायऱ्या खाली आल्या, आणि आधी खाली आला तो को-पायलट, मग हे. चार पट्ट्यांचा पांढरा शर्ट, एका हातात बापूसाहेबांची ब्रीफकेस, दुसऱ्या हातात संत्राबर्फीचे सहा डबे, काखेत जेवणाचा डबा. मला त्या डब्यांचा नेहमीसारखा राग आला. एअरलाइनच्या कॅप्टनला कुणी संत्राबर्फी उचलायला लावत नाही. हातातलं खाली ठेवून, पुन्हा वळून त्यांनी हात पुढं केला, बापूसाहेबांचा गुडघा आखडला होता. तिसऱ्या पायरीला दोघं थांबले, बापूसाहेबांनी दम घेतला, हे त्यांच्याकडं न बघता आभाळाकडं बघत थांबले. मग पुढच्या दोन पायऱ्या.

हे विमानाभोवती तपासणीची फेरी मारायला गेले. उतरल्यावरही मारतात, चढायच्या आधीही मारतात. बापूसाहेब सरळ माझ्याकडं आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, डोळ्यांत अजून कारखान्याची आच.

"वैनी, सूट आणलाय होय?"

 सूटवरच्या प्लॅस्टिकला मी उगीच घडी घातली.

"भिऊ नका. मुलाखतीला जाणाऱ्या माणसाचं तोंड मला कळतंय. जन्मभर मुलाखती मीच घेत आलोय. काल जेवताना दोनदा डाळीत मीठ घालून घेतलं त्यानं."

मी म्हटलं, ते तुम्हाला सांगणारच होते. तर म्हणाले, सांगंल की, त्याला न सांगता जाता येतंय कुठं. मग थोडा वेळ धोतराच्या काठाशी चाळा करत बसले आणि आपणहून बोलू लागले. दोन वर्षांपूर्वी जबलपूरला वाटेत वादळ होतं. यांनी उडायला नकार दिला. बापूसाहेबांना कोल्हापुरात बाहेरदेशातले लोक भेटायला थांबले होते, मोठं काम हातचं जात होतं. त्यांनी यांना विमानतळावर, हमाल-पोलीस सगळ्यांसमोर, नाही नाही ते बोलून घेतलं.

"ह्यानं ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, साहेब, विमान तुमचं आहे, पण आज ते इथंच राहील. आणि जाऊन मला चहा घेऊन आला. बिनसाखरेचा. माझी साखर वाढलीय ते माझ्या पोरांना ठाऊक नव्हतं, वैनी. काम गेलं ते गेलंच. त्या दिवशी मी ह्याला काढून टाकणार होतो."

"मग का नाही काढलंत?"

"माझा पगार खाऊन मला नाही म्हणणारा तो एकच माणूस हाय. तेवढा बी घालवला तर मग राहिलं कोण?" ते हसले. "एअरलाइनीत बरं असतंय. ढग आला की कंपनीच नको म्हणती, पायलटाला तोंड दाखवायला लागत नाही. हितं समोरासमोर म्हणायला लागतंय. पण पोरगी मोठी व्हायलीय तुमची. जाऊ दे त्याला. मी आडवा येणार नाही."

आणि उठून, गुडघा दाबत, चहा सांगायला आत गेले.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. मालकाच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस, आणि त्याच्या हातात मी ही वही देणार, जिच्यात चार वर्षं माझं खोटं बसलेलं. त्यांना ते कधीच कळलं नसतं, हे तर जास्तच वाईट. हे फेरी संपवून हात पुसत माझ्याकडं आले, मधुरानं सकाळी खाल्लं का विचारू लागले. मी म्हटलं, जरा गाडीपाशी या.

मारुतीच्या बॉनेटवर, तापलेल्या पत्र्यावर, मी वही उघडली. सांगायला फार वेळ लागला नाही. वाईट गोष्टी थोडक्यातच सांगून होतात.

ते ओरडले नाहीत. खिशातली पेन्सिल काढली, पाठकोऱ्या कागदावर स्वतः बेरीज केली, रकाने उभे, मग आडवे. दोनदा केली. मग विचारलं, "कुठलं पान?" मी दाखवलं. त्यांनी कोपऱ्यातल्या पिवळ्या ठशावर बोट ठेवलं.

"लोणचं?"

"लोणचं."

"चांगलं झालं होतं त्या वर्षी," ते म्हणाले, आणि मला रडू आलं. तिथं उघड्यावर, को-पायलट तेलाच्या टँकरपाशी उभा असताना.

नाक पुसून मी जे बोलले ते मला आजही आठवतं. म्हटलं, तसंच न्या. शेवटचा आकडा बघतात, सगळं कुणी मोजत नाही. त्यांना कुठं कळणाराय.

"मला कळलं की आता," ते म्हणाले.

पेन काढलं. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही. त्यांनी त्या पानावर रेघ मारली, सही केली. शेवटच्या पानावर एकूण बेरजेवर रेघ मारली, खाली खरा आकडा लिहिला, त्यांच्या त्या वाचता न येणाऱ्या अक्षरात, पण तो आकडा मात्र स्वच्छ काढला. दोन हजार नऊशे एक्केचाळीस. पुन्हा सही.

"एकोणसाठ कमी," ते म्हणाले. मग वह्या पिशवीत घातल्या, सूट खांद्यावर टाकला. "बोलावलंय तर जाऊन येतो. विचारतो. तू जपून चालव, घाटासारखी चालवतीस सपाट रस्त्यावर."

अकराला दोन मिनिटं असताना विमान उडालं. मी हात हलवला नाही. कॉकपिटमधून खालची माणसं दिसत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी विमान दिसेनासं होईपर्यंत उभी राहिले.

संध्याकाळी साडेसहाला ते घरी आले. सूट हातावर, बूट दारातच काढलेले. मी पाणी दिलं. हातात पेला तसाच धरून ते म्हणाले, "झालं. तासांचं काही नाही म्हणाले. ती रेघ बघून हसले. साठ तासांनी काय होतंय, म्हणाले, आम्ही सूट देऊ शकतो. घेत होते."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. देवघराकडं बघून मी हात जोडले सुद्धा.

"घेत होते म्हणजे?"

"मीच नाही म्हणालो."

मग ते पेल्यातल्या पाण्याकडं बघत बोलत राहिले. एरवी चार वाक्यांत आठवडा काढणारा माणूस, त्या दिवशी पाऊण तास बोलला. म्हणाले, दिवसातून चार चार वेळा मुंबई-दिल्ली, त्याच वाटा, तेच आकडे. पाठीमागं पावणेदोनशे माणसं आणि कॉकपिटचं दार बंद. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा गुडघा दुखतो, काही कळायचं नाही. पुन्हा को-पायलटच्या खुर्चीत बसायचं. ज्येष्ठतेच्या यादीत माझ्या पुढं पंचवीस-पंचवीस वर्षांची पोरं, ती जन्मभर पुढंच राहणार, कारण तिथं आधी लागला तो मोठा. घर मुंबईला हलवायचं, मधुराची शाळा, तुझी आई इथं. आणि इथं बापूसाहेब आहेत. त्यांना आता पायऱ्या उतरवायला कुणीतरी लागतं.

सगळं पटण्यासारखं होतं. त्याच गोष्टीचा मला राग आला. अहो, मी म्हटलं, मला एक कागद पाहिजे होता, एकच. तेवढा आणता आला नाही तुम्हाला? तुमच्या तासांत मी शंभराची चूक केली म्हणून मी दिवसभर मरत होते, आणि तुम्ही चुकीशिवायच घालवून आलात?

"हो," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

आठ दिवस मी त्यांच्याशी फक्त मधुरामार्फत बोलले. "मधुरा, पप्पांना सांग, वाढलंय." ते समोरच बसलेले असायचे. मधुराला तो खेळ वाटला, तीही प्रामाणिकपणे दोन फुटांवर निरोप पोचवायची. नवव्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी ते इंदूरला थांबले होते.

त्यानंतर 'रोस्टर असतं तर' हे आमच्या घरातलं पालुपद झालं. सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला हे बिलासपूरला अडकले. रोस्टर असतं तर. मधुराच्या दहावीच्या निकालाला हे औरंगाबादला. रोस्टर असतं तर. पाहुण्यांत कुणी विचारलं, हेरवाडे, तुम्ही एअरलाइनला का नाही गेलात, की मी यांच्या आधी उत्तर द्यायचे. "दारात आलेली नोकरी यांनी परत पाठवली. विचारा, का." पाहुणे हसायचे, हेही हसायचे. "हो ना," म्हणायचे. एकदाही मला उलट शब्द नाही. कधी कधी मला वाटायचं, माणूस इतकं ऐकून घेतोय म्हणजे मनातून खरंच पस्तावत असणार, आणि मला बरंच वाटायचं. मी काही फार चांगली बाई नव्हे.

बापूसाहेब गेले त्याला आता चार वर्षं झाली. मुलांनी विमान विकलं, हँगर दुसऱ्या कुणाला दिला. हे आता एका फ्लाइंग स्कूलमध्ये मुलांना शिकवतात, आणि गंमत म्हणजे आमच्या फ्रिजवर आता महिन्याचा कागद असतो. हँगरमधल्या त्यांच्या कपाटातलं सामान एका खोक्यात भरून घरी आलं होतं. मी बघतो म्हणाले आणि माळ्यावर टाकलं. ते कधी बघणार नाहीत हे मला माहीत होतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मीच ते खाली काढलं. जुने नकाशे, एक तुटका थर्मास, तीन चष्मे, बापूसाहेबांचा एक हातरुमाल, कशाकशाच्या पावत्या. पायलट माणूस कागद फेकत नाही. तळाशी एक लिफाफा होता, एअरलाइनचा. आत टाइप केलेलं चार ओळींचं पत्र, हातोहात दिलेलं. तारीख त्याच दिवसाची.

उमेदवाराचे उड्डाण-तास अटीपेक्षा एकोणसाठने कमी असल्यामुळे निवड करता येत नाही. पुढील तुकडीच्या वेळी वयाची अट पूर्ण होत नसल्यामुळे अर्ज बंद करण्यात येत आहे. लॉगबुकातील दुरुस्ती स्वतःहून दाखवल्याबद्दल आभार.

मी माळ्याच्या शिडीवर, दुसऱ्या पायरीवर बसले. खाली रेडिओवर हे बातम्या ऐकत होते.

मुंबईहून कोल्हापूरला यायला त्यांच्या विमानाला एक तास लागतो. तेवढ्या एका तासात, विमान चालवता चालवता, त्यांनी ते सगळं जुळवलं असणार. ती रेघ बघून हसलेली माणसं, कॉकपिटचं बंद दार, पंचवीस वर्षांची पोरं. जन्मात खोटं न बोललेला माणूस, त्याला ते किती अवघड गेलं असेल, म्हणून तर पाऊण तास लागला. मला रागावता यावं म्हणून. रागावलेली बायको त्यांना चालणार होती, स्वतःला दोष देत बसलेली नाही. आणि मी सतरा वर्षं त्यांना तोंड भरून रागावले, पाहुण्यांसमोर सुद्धा.

पत्र मी होतं तिथं परत ठेवलं. खोकं माळ्यावर चढवलं. काय करायलीस एवढा वेळ, त्यांनी खालून विचारलं. झुरळं आहेत, मी म्हटलं.

हे तीन महिने मनात राहिलं. मागच्या आठवड्यात ऋजुता आली. ऋजुता भोसेकर, यांचीच विद्यार्थिनी, चोवीस वर्षांची, मोटरसायकलवरून येते. तिला दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, एक मोठ्या एअरलाइनमध्ये आणि एक पुण्यातल्या कंपनीच्या खाजगी विमानावर. सर, काय करू, असं विचारत ती चहाच्या कपाला हात न लावता बसली होती. यांनी तिला दोन्ही बाजू नीट मांडून दाखवल्या. एअरलाइनमध्ये तास पटापट भरतात, मोठं विमान मिळतं, घरचा महिना आखता येतो. पण जायचं तर आजच जा, कारण ज्येष्ठतेच्या यादीतला नंबर आजचा तो आजचा. कंपनीच्या विमानावर सगळीकडं उतरायला शिकशील, छोट्या पट्ट्या, वेडेवाकडे वारे, माणसं ओळखीची होतात. पण फोन वाजला की उठायचं, आणि मालकानं विमान विकलं की नोकरी गेली. "आणि एक," ते म्हणाले, "एअरलाइनमध्ये तुझ्या वतीनं नियमच 'नाही' म्हणतो. कंपनीच्या विमानावर तुला स्वतः, ज्याचं मीठ खातेस त्याच्या तोंडावर म्हणावं लागेल. ते जमणार असेल तरच जा."

ऋजुतानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "सर, तुम्ही का नाही गेलात एअरलाइनला?"

यांनी माझ्याकडं बघितलं, सवयीनं. चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आधीच येऊन बसलं होतं, माझा टोमणा झेलायला.

"त्यांना घेतलं नाही," मी ऋजुताला म्हटलं. "साठ तास कमी पडले. लॉगबुक मी लिहायचे. बेरीज माझी चुकली होती."

त्यांच्या हातातला कप बशीवर टेकला. ऋजुता एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. बिचारीला वाटलं, आपण विचारू नये ते विचारलं. हे बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली नाही.

"एकोणसाठ," ते शेवटी म्हणाले. "साठ नव्हे."